‘ब्लाइंड’ हा शब्द आणि कवी मिल्टन
(एस. वाय. बी. ए.)

‘ब्लाइंड’ हा इंग्रजी शब्द मी प्रथम शाळेत ऐकला नाही. आमच्या गावात वडाचा पार आहे. दुपारच्या वेळी तिथे पत्त्यांचा डाव रंगे आणि पाण्याचा हंडा घेऊन जाताना तो माझ्या कानांवर पडे. तीन पत्तीच्या त्या डावात एखादा गडी आपली पाने न उचलताच पैसे लावी आणि आपण ब्लाइंड खेळत असल्याचे मोठ्या ऐटीत जाहीर करी. त्यामुळे ब्लाइंड म्हणजे छातीचा, कशालाही न भिणारा माणूस, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती. पुढे शाळेत इंग्रजी सुरू झाले तेव्हा कळले, की या शब्दाचा सरळ अर्थ आंधळा.

कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातील जाडजूड कोशात हा शब्द मी मुद्दाम काढून पाहिला. पाहते तो त्याचा गोतावळा केवढा तरी मोठा! पुढे वाट नसलेला बोळ म्हणजे ‘ब्लाइंड ॲली’. खिडकीवरचा पडदा तोही ‘ब्लाइंड’. पाकिटावरचा पत्ता लागत नसला की ते पत्र ‘ब्लाइंड’. विचार न करता ठेवलेला विश्वास ‘ब्लाइंड’. आपली आंधळी कोशिंबीर साहेबाच्या देशातही खेळतात आणि तिच्या नावातही हा शब्द आहे. जाणूनबुजून काणाडोळा करण्याला इंग्रजीत आंधळा डोळा वळवणे म्हणतात. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीची निशाणी दिसू नये म्हणून नेल्सनने आपल्या निकामी डोळ्याला दुर्बीण लावली, अशी कथा त्याबाबत सांगतात. मराठीही मागे नाही. आपल्याकडे कारभार आंधळा असतो, माया आंधळी असते, आणि आंधळे दळते तेव्हा कुत्रे पीठ खाते.

हे सारे वाचताना मला एक गोष्ट खटकली. अविचार डोळसांनी करायचा, काणाडोळा डोळसांनी करायचा, आणि नाव मात्र आंधळ्याचे! ज्या बिचाऱ्याला खरोखरच दिसत नाही, त्याच्या माथी सगळ्या जगाचा अविवेक का मारावा? हा प्रश्न मनात असतानाच आमच्या अभ्यासक्रमात जॉन मिल्टनचे अंधत्वावरील सुनीत आले. सुनीत मला चटकन कळले नाही, हे कबूल करायला हवे. पण त्या निमित्ताने कवीचे चरित्र वाचले आणि असे वाटले, की या एका शब्दाचे सगळे अर्थ या एका माणसाच्या आयुष्यातून जाऊन आले आहेत. म्हणून वाचकहो, ही जीवनकथा.

मिल्टनचा जन्म ९ डिसेंबर १६०८ रोजी लंडनमधील ब्रेड स्ट्रीट या रस्त्यावर झाला. वडिलांचे नावही जॉनच. लोकांचे दस्तऐवज लिहून देणे आणि व्याजाने पैसे देणे हा त्यांचा व्यवसाय. कॅथलिक पंथ सोडला म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून दूर केले होते. अशा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बापाने मुलाच्या शिक्षणात काहीही कमी पडू दिले नाही. बाराव्या वर्षापासून हा मुलगा मध्यरात्रीपर्यंत दिव्याशी वाचत बसे आणि त्याच्यासाठी घरातील मोलकरणीने जागे राहावे असा वडिलांचा हुकूम असे. आपल्या डोळ्यांच्या दुखण्याची सुरुवात तेथूनच झाली, असे मिल्टनने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

सेंट पॉल्स स्कूलनंतर १६२५ साली तो केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात गेला. १६२९ साली बी. ए. आणि १६३२ साली एम. ए. झाला. अशा तरुणाने पाद्री व्हावे, ही त्या काळची रीत. पण तेव्हाच्या धर्मसंस्थेत त्याचे मन रमेना. मग त्याने काय केले? जवळजवळ सहा वर्षे वडिलांच्या घरी बसून केवळ वाचन केले. नोकरी नाही, संसार नाही. ग्रीक, लॅटिन, इटालियन, इतिहास, गणित आणि संगीत. आमच्यासारख्यांच्या घरात हे परवडणारे नाही. पण त्या बापाने ते सोसले आणि मुलाने ते वाया घालवले नाही.

१६३७ साली त्याचा केंब्रिजमधील एक सहाध्यायी, एडवर्ड किंग, समुद्रात बुडून मरण पावला. त्याच्यावर मिल्टनने ‘लिसिडास’ ही विलापिका रचली. या कवितेत मध्येच तो पोटभरू पाद्र्यांवर तुटून पडतो आणि त्यांच्या तोंडांना चक्क आंधळेपणाचे विशेषण लावतो. तोंड कसे आंधळे असेल? वाचणाऱ्याला ही चूक वाटते. पण १८६५ साली रस्किन या टीकाकाराने त्याचा उलगडा केला. बिशप या शब्दाचा मूळ अर्थ देखरेख करणारा. पास्टर या शब्दाचा मूळ अर्थ कळपाला चारणारा. ज्याने पाहायचे तो पाहत नाही, म्हणून आंधळा. ज्याने चारायचे तो स्वतःच खातो, म्हणून नुसते तोंड. शब्द तोलून मापून वापरणे म्हणजे काय, ते मला या एका उदाहरणाने कळले. हा शब्द दुसऱ्यांवर फेकणारा कवी तेव्हा २९ व्या वर्षात होता आणि त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते.

पुढच्याच वर्षी, १६३८ साली, तो इटलीच्या प्रवासास निघाला. फ्लॉरेन्स येथे तो वृद्ध गॅलिलिओला भेटला. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र जगाला दाखवणारा हा शास्त्रज्ञ तेव्हा धर्मपीठाच्या शिक्षेमुळे नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टीही गेलेली होती. ज्याने सर्वांत दूरवर पाहिले त्याचेच डोळे मिटले होते, आणि ज्यांनी पाहायचेच नाही असे ठरवले होते ते त्याचे न्यायाधीश होते! मिल्टन ही भेट विसरला नाही. इंग्लंडमध्ये छापण्यापूर्वी सरकारी परवाना घेण्याची सक्ती झाली, तेव्हा १६४४ साली त्याने ‘ॲरिओपॅजिटिका’ हे मुद्रणस्वातंत्र्याचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले आणि त्यात गॅलिलिओच्या भेटीचा दाखला दिला. हे पुस्तक त्याने परवान्याशिवाय छापले, हे सांगायला नकोच.

तो काळ इंग्लंडमध्ये यादवीचा होता. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले होते. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला आणि प्रजासत्ताक आले. मिल्टन राजाच्या विरुद्ध पक्षाचा. त्याच वर्षी मार्च महिन्यात नव्या सरकारने त्याला परभाषांचा चिटणीस नेमले. परदेशांशी होणारा पत्रव्यवहार लॅटिनमध्ये चाले आणि लॅटिनमध्ये त्याचा हात धरणारे थोडेच होते.

इतक्यात सॅल्मेशिअस या युरोपात गाजलेल्या पंडिताने मारलेल्या राजाची बाजू घेऊन लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याला उत्तर देण्याचे काम मिल्टनकडे आले. तोपर्यंत त्याचा डावा डोळा जवळजवळ निकामी झाला होता. हे काम घेतले तर दुसराही जाईल, अशी वैद्यांनी स्पष्ट ताकीद दिली. दिव्याभोवती त्याला इंद्रधनुष्यासारखे कडे दिसे आणि नजरेपुढे सतत धुके असे. हे त्याने १६५४ साली एका ग्रीक मित्राला लिहिलेल्या पत्रातून समजते. त्याच्या डोळ्यांना नेमके काय झाले, यावर आजही डॉक्टरांत एकमत नाही. कोणी काचबिंदू म्हणतात, कोणी डोळ्याचा पडदा सुटला म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्याचे डोळे शेवटपर्यंत स्वच्छ, निर्दोष दिसत.

वैद्यांचे ऐकूनही त्याने ते काम पत्करले. १६५१ साली उत्तराचा ग्रंथ निघाला आणि युरोपभर वाचला गेला. १६५२ सालच्या सुरुवातीस मिल्टन पूर्ण आंधळा झाला होता. वय ४३. त्याच वर्षी मे महिन्यात तिसऱ्या मुलीच्या जन्मानंतर तीनच दिवसांत त्याची पत्नी मेरी वारली आणि त्यापाठोपाठ एकुलता एक लहानगा मुलगाही गेला. घरात तीन आईवेगळ्या मुली: ॲन, मेरी आणि तान्ही डेबोरा.

आणि आता तो शब्द त्याच्यावर उलटला. १६५२ साली निघालेल्या एका लॅटिन पुस्तकात त्याची तुलना डोळा फोडलेल्या पुराणातील राक्षसाशी केली गेली. राजाविरुद्ध लिहिले म्हणून देवाने त्याचे डोळे काढून घेतले, असा शत्रूंचा सूर होता. १६६० साली रॉजर लेस्ट्रेंज याने तर त्याच्याविरुद्धच्या पत्रिकेचे नावच ‘नो ब्लाइंड गाइड्स’, म्हणजे आंधळे वाटाडे नकोत, असे ठेवले. (हे नाव वाचून मला हसू आले. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडे धुंडाळणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनाही ते लागू पडेल!) मिल्टनने शत्रूंना १६५४ साली उत्तर दिले. आपण आपले मन तपासून पाहिले. ज्याची ही शिक्षा असावी असा कोणताही अपराध त्यात सापडला नाही. डोळे गेले ते कर्तव्य करताना गेले आणि ते आपण जाणूनबुजून दिले, अशा अर्थाचे ते उत्तर आहे. आमच्या अभ्यासक्रमातील सुनीतात मात्र इतका ठामपणा नाही. आपल्याजवळची एकमेव देणगी आता वाया जाणार, ही चिंता तिथे आहे; आणि धीराने उभे राहून वाट पाहणाऱ्याचीही सेवा रुजू होते, असे समाधान शेवटी आहे.

१६५६ साली त्याने कॅथरिन वुडकॉक हिच्याशी लग्न केले, पण दोन वर्षांच्या आत तीही वारली. १६६० साली राजसत्ता परत आली. मिल्टन एका मित्राच्या घरी लपून बसला. त्याची पुस्तके जल्लादाच्या हातून जाळण्यात आली. त्याला अटकही झाली. कचेरीत पूर्वी त्याचा मदतनीस असलेला कवी अँड्र्यू मार्व्हेल तेव्हा पार्लमेंटचा सभासद होता. त्याने त्याची बाजू मांडली. मिल्टनचा जीव वाचला, पण पैसा गेला, पक्ष गेला आणि ज्या राज्यासाठी डोळे दिले तेही गेले.

असा हा सर्वस्व गमावलेला माणूस अंधारात बसून ‘पॅराडाइज लॉस्ट’ रचत होता. दहा हजारांहून अधिक ओळी! रात्री किंवा पहाटे ओळी सुचत. त्या तो मनात साठवून ठेवी आणि लिहून घेणारा आला की सांगे. लेखनिकाला उशीर झाला, तर आपली धार काढायची राहिली आहे अशी तक्रार तो करी. गोठ्यातल्या गाईचा हा दाखला आम्हा खेड्यातल्या मुलींना समजावून सांगावा लागत नाही. शरदापासून वसंतापर्यंतच त्याची प्रतिभा मोकळी वाहे, असे त्याचा पुतण्यासारखा वाढवलेला भाचा एडवर्ड फिलिप्स याने नमूद केले आहे. २७ एप्रिल १६६७ रोजी सॅम्युअल सिमन्स या मुद्रकाशी करार झाला. हाती पडले पाच पौंड. पहिली आवृत्ती संपल्यावर आणखी पाच.

येथवर वाचून कोणीही मिल्टनपुढे हात जोडील. मीही जोडले. पण चरित्राचे एक पान मला अजून सोडत नाही.

आंधळ्या माणसाला वाचून कोण दाखवणार? थोरली ॲन अपंग होती आणि तिला नीट बोलता येत नसे, म्हणून तिची सुटका झाली. मेरी आणि डेबोरा या दोघींना त्याने हिब्रू, ग्रीक, लॅटिन, इटालियन, स्पॅनिश आणि फ्रेंच या भाषांचे उच्चार शिकवले. केवळ उच्चार! अर्थ शिकवला नाही. त्या मुली तासन्‌तास बापाला मोठमोठे ग्रंथ वाचून दाखवत आणि आपण काय वाचतो आहोत याचे एक अक्षरही त्यांना समजत नसे. ही गोष्ट भाचा फिलिप्स यानेच लिहून ठेवली आहे आणि हे काम त्या मुलींच्या सहनशक्तीपलीकडचे होते, असेही त्याने म्हटले आहे. पुढे त्या कुरकुरू लागल्या. बापाची पुस्तके त्या चोरून विकत, अशी साक्ष पुढे एका मोलकरणीने दिली. १६६३ साली त्याने एलिझाबेथ मिन्शल हिच्याशी तिसरे लग्न केले, तेव्हा मेरीला त्या लग्नापेक्षा बापाच्या मरणाची वार्ता अधिक बरी वाटली असती, असेही त्या साक्षीत आहे. शेवटी मुलींना कशिदाकाम शिकायला घराबाहेर पाठवण्यात आले.

याच्या उलट दुसरी हकीकत पाहा. १६६२ च्या सुमारास टॉमस एलवूड नावाचा तरुण त्याच्याकडे लॅटिन वाचायला येऊ लागला. शिक्षण अर्धवट राहिलेला हा मुलगा वाचनाच्या बदल्यात ज्ञान मागत होता. एलवूडने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की आपल्याला अर्थ कळला आहे की नाही, हे मिल्टन केवळ आवाजावरून ओळखी. न कळल्याचे जाणवले की थांबवी, प्रश्न विचारी आणि अवघड जागा उलगडून सांगे. पुढे १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा याच एलवूडने चॅल्फंट सेंट जाइल्स या खेड्यात मिल्टनसाठी घर पाहिले. तिथे मिल्टनने त्याच्या हातात ‘पॅराडाइज लॉस्ट’चे हस्तलिखित वाचायला दिले.

म्हणजे पाहा, परक्या मुलाच्या आवाजातले न कळणे ज्या कानांना ऐकू येत होते, त्याच कानांना पोटच्या मुलींच्या आवाजातले ते ऐकू येत नव्हते काय? इथे मिल्टनला आंधळा म्हणावे असे मला वाटते. आणि या आंधळेपणाचा त्याच्या डोळ्यांशी काहीच संबंध नव्हता. पाद्र्यांविषयी त्याने जे लिहिले ते इथे त्याच्याच घरात लागू पडते. ज्याने चारायचे त्याने मुलींना अर्थाचा घास दिला नाही.

माझ्या आजीला वाचता येत नाही. अक्षराच्या बाबतीत ती स्वतःला डोळे असून आंधळी म्हणवते. श्रावणात मी तिला ‘हरिविजय’ वाचून दाखवते. कधी शब्द भलत्या जागी तोडला, कधी न कळता नुसतीच पुढे धावले, की ती माळ थांबवते आणि मागे जायला सांगते. तिला ओवीचा अर्थ कानाने ठाऊक आहे. तेव्हा आमच्या दोघींत दिसते कोणाला, हे मला दर वेळी कोडे पडते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण इंग्रजीच्या तासाला उभी राहून मी धडा खडाखडा वाचते तेव्हा पुष्कळदा मी मेरी किंवा डेबोराच असते, आणि हे कोणी आवाजावरून ओळखू नये म्हणून अधिकच मोठ्याने वाचते.

१६७१ साली ‘पॅराडाइज रिगेन्ड’ आणि ‘सॅमसन ॲगोनिस्टीज’ ही काव्ये एकत्र प्रसिद्ध झाली. सॅमसन हा बायबलातील वीर. शत्रूंनी त्याचे डोळे काढले आणि गाझा शहरात त्याला जात्याला जुंपले. आंधळे दळते ही आपली म्हण मला इथे आठवली. पण सॅमसनचे पीठ कुत्र्याने खाल्ले नाही. अखेर त्याने शत्रूंचे सभागृहच खांब ओढून पाडले. म्हातारपणी मिल्टन गाऊटच्या दुखण्याने बेजार असे. ऊन असले की करड्या कोटात तो दाराशी बसे आणि मन रमवायला ऑर्गन वाजवी. ८ नोव्हेंबर १६७४ रोजी तो वारला. सेंट जाइल्स क्रिपलगेट येथील चर्चमध्ये वडिलांच्या शेजारी त्याला पुरले. मृत्युपत्रावरून पत्नी व मुली यांच्यात वाद झाला आणि मुलींना प्रत्येकी शंभर पौंड मिळाले.

धाकटी डेबोरा १७२७ पर्यंत जगली. एका विणकराशी तिचे लग्न झाले होते. म्हातारपणी तिला भेटायला मोठमोठे लोक येत, तेव्हा होमर, ओव्हिड आणि युरिपिडीस यांच्या काव्यातील आरंभीच्या ओळी ती घडाघडा म्हणून दाखवी. इतक्या वर्षांनीही ते उच्चार तिच्या जिभेवर होते. बापाविषयी ती मायेनेच बोलत असे. ही गोष्ट वाचून त्या घराविषयी चटकन न्याय देण्याचे मी सोडून दिले.

शेवटी पुन्हा वडाच्या पाराकडे येते. ‘पॅराडाइज लॉस्ट’च्या नवव्या सर्गात आदम आणि ईव्ह पानांनी आपली लाज झाकतात. ती पाने कोणत्या झाडाची? मिल्टन सांगतो, मलबार आणि दख्खन या प्रांतांत ज्याच्या फांद्यांतून मुळे खाली उतरून नवे खांब होतात, त्या झाडाची. म्हणजे आपला वड! त्याच्या सावलीत गुराखी बसतो आणि दाट पालवीतल्या झरोक्यांतून आपली गुरे राखतो, असेही वर्णन आहे. हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या, समोरचा दिवाही न दिसणाऱ्या माणसाने आमच्या दख्खनचा वड केवळ वाचनातून असा उभा करावा, याचे मला नवल वाटले. मात्र वडाची पाने ढालीएवढी रुंद असतात असे जे त्याने लिहिले आहे, ते चूक आहे. त्याच्या आधीच्या पुस्तकांतच ती चूक होती, आणि झाडाखाली जाऊन पाने पाहण्याची त्याला सोय नव्हती. ती सोय मला होती. मी त्या पाराजवळून रोज गेले आहे, त्या पानांच्या पिपाण्या केल्या आहेत. त्यामुळे त्या मोठ्या कवीच्या ओळीत एक शब्द तरी मला त्याच्यापेक्षा नीट कळला.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. तासाला वाचताना अर्थ कळला नाही की थांबायचे आणि सरांना विचारायचे. पहिल्या दिवशी वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आणखी एक हात वर आला.